ऊब राहू द्या

५ फेब्रुवारी, बुधवार

पोचलो एकदाचे. गाडीतून उतरल्या उतरल्या भिंगरीने हॉटेलच्या पायरीवर उभं राहून समुद्राला हात केला, जणू तो आम्हाला घ्यायलाच आला होता. मागे ड्रायव्हर बॅगा ओढतोय, वारा हिचा स्कार्फ ओढतोय आणि ही बाई समुद्राशी गप्पा मारतेय. सेहेचाळीस वर्षांची घोडी झाली, अक्कल अजून बालवाडीत.

भिंगरी हे नाव आईने ठेवलेलं, कारण माझी ही धाकटी बहीण एका जागी ठरायचीच नाही. आताही जेवताना उठते, बोलताना उठते, गुणगुणत खोलीभर फिरते. महिनाअखेरीस तिचं लग्न आहे. पहिलंच. चष्म्याचा नंबर तपासायला गेली आणि चष्मेवाल्यालाच पसंत करून आली. आम्ही तिच्या लग्नाची आशा इतक्या वर्षांपूर्वी सोडली होती, की बातमी ऐकल्यावर मी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. लग्नाआधी दोघी बहिणींनीच कुठेतरी जाऊ या ही टूम तिचीच. भर थंडीत समुद्रावर कोण जातं, असं मी म्हटलं. आपण जातो, असं ती म्हणाली. तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय?

हॉटेल फार जुनं, लांबलचक, दोन मजली. सगळ्या खोल्यांची तोंडं पाण्याकडे. खाली काचेचा व्हरांडा, त्यात वेताच्या खुर्च्या. जिन्याच्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खळगे पडलेत. सगळीकडे मीठ, ओलं लाकूड आणि फरशीच्या पॉलिशचा वास. मला आवडलं. आयुष्य वॉर्डात नर्स म्हणून गेलं, त्यामुळे ज्या जागेला फिनेलचा वास नाही ती मला स्वर्गच वाटते. आता निवृत्त झाले, पण ड्यूटी संपताना रिपोर्ट लिहायची सवय काही सुटत नाही. म्हणून ही वही.

मॅनेजर म्हणजे मफलरमध्ये गुंडाळलेला काडीपैलवान, पण बोलायला गोड. त्याने इथली हिवाळ्याची रीत सांगितली. या दिवसांत पाहुणे थोडे आणि खोल्या पुष्कळ. समुद्रकाठी रिकामी खोली ओल धरते, भिंतींना घाम येतो, दारं फुगतात. म्हणून पहिल्या मालकाच्या काळापासून पाहुण्यांनी रोज नव्या खोलीत झोपायचं. माणूस रात्रभर झोपला, की त्याची ऊब भिंतीत मुरते आणि खोली टिकते. त्या मोबदल्यात हिवाळ्यात भाडं निम्मं. आणखी एक विनंती होती. सकाळी बिछाने आवरायचे नाहीत, जसे असतील तसे सोडून नुसतं दार ओढून घ्यायचं. भिंगरी खूश. हे हॉटेल कुणीतरी आपल्याला डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलंय, असं तिचं मत पडलं.

जिन्यालगतची पहिली खोली मिळाली आहे. दोन पलंग, जाड पांघरुणं, मोठी खिडकी. शेजारच्या पलंगावर चष्मेवाल्याशी फोनवर खुसुखुसु चाललंय. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेणार आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माझीच फजिती झाली. चहा येईपर्यंत मी बिछाना लावून मोकळी झाले होते. चादर ताणून, कोपरे हॉस्पिटलसारखे दुमडून, वर एक चुणी नाही. मला कळलंही नाही. डोकं समुद्राकडे होतं, हात आपलं काम करत होते.

खोल्यांची देखभाल करणाऱ्या बाई आल्या. बुटक्या, गोल, पायांत लोकरी मोजे, त्यामुळे आल्या-गेल्याचा आवाज नाही. माझा पलंग बघून त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी भिंगरीच्या पलंगाकडे पाहिलं. तिथे पांघरुणाचं घरटं झालं होतं आणि मधोमध तिच्या अंगाचा खोलगट ठसा. बाईंनी त्यावर तळवा ठेवला आणि समाधानाने मान हलवली. असं पाहिजे, ऊब राहू द्या, असं म्हणाल्या. माझं बघून भिंगरीलाही लाज वाटली असावी, कारण तीही चादर झटकायला उठली होती. मीच तिचा हात धरला. तू राहू दे, नवरी आहेस, पुढे जन्मभर आवरायचंच आहे, असं म्हणून तिला बाहेर काढलं.

शेजारच्या खोलीत सामान टाकून फिरायला गेलो. समुद्र शिशाच्या रंगाचा, किनाऱ्यावर कुत्रंही नाही. दुपारी परतताना सहज वर पाहिलं तर आमच्या कालच्या खोलीच्या खिडकीत एक बाई उभी होती आणि पाण्याकडे बघून हात हलवत होती. नवे पाहुणे आले वाटतं, असं मी म्हटलं. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, ती खोली आता मेपर्यंत बंद. उन्हाची तिरीप काचेवर पडली की असं काहीबाही दिसतं.

भिंगरी आज शांत आहे. खारी हवा मानवली असेल. जेवताना एकदाही उठली नाही, याची मात्र इतिहासात नोंद व्हायला हवी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तिसरी खोली. आज परत माझ्या हातून बिछाना लावला गेलाच. या वयात सवयी बदलत नाहीत. बाई भिंगरीच्या पलंगाशी उभ्या राहून बराच वेळ तळवा शेकत होत्या.

सकाळपासून भिंगरी काचेच्या व्हरांड्यात बसून आहे. तिथे एक म्हातारे गृहस्थ रोज असतात, कानटोपी घातलेले. दर हिवाळ्यात येतात म्हणे. मी विचारलं, आपण कुठले? ते पुष्कळ वेळ विचार करून हसले आणि म्हणाले, इथलाच असेन बहुतेक. भिंगरी एरवी अशा माणसाला दहा मिनिटांत मामा करून टाकते. आज ती त्यांच्या शेजारी तशीच हसत बसली होती. मला ते दृश्य आवडलं नाही. का, ते सांगता येत नाही.

ती गुणगुणत नाहीये. हे मला दुपारी लक्षात आलं. घड्याळ बंद पडलं की उशिरा कळतं, तसं.

आणि आता जे लिहितेय ते नीट लिहिते. शाल आणायला मी एकटी वर गेले होते. बोळातून जाताना कालच्या खोलीच्या बंद दाराआडून भिंगरीचा आवाज आला. ती चष्मेवाल्याची नक्कल करत होती. त्याने तिला अक्षरं वाचायला लावली, तिने मुद्दाम सगळी चुकीची वाचली, कारण तिला तिथून उठायचं नव्हतं. हा किस्सा मी दहादा ऐकलाय. शेवटी ती खो-खो हसली. मी दार वाजवलं, ओरडले, कडी हलवली. आत एकदम चिडीचूप. धावत खाली आले तर भिंगरी खुर्चीत, हात मांडीवर, जिथे सोडली होती तिथेच.

कानात वारा भरला असेल. गोळी घेऊन झोपते.

८ फेब्रुवारी, शनिवार

चष्मेवाल्याचा फोन आला. भिंगरीने फोन कानाला लावून ऐकलं आणि माझ्याकडे दिला. हळू आवाजात मला विचारलं, की हे कोण आहेत, फार प्रेमाने बोलतायत.

मी थट्टा समजले. थट्टा नव्हती. त्या भल्या माणसाला मी सांगितलं, की तिचा घसा बसलाय. गुरुवारी तिला न्यायला स्वतःच येतो म्हणाला.

तिला तपासलं. नाडी बरोबर, डोळ्यांच्या बाहुल्या बरोबर, ताप नाही. जीभ अडखळत नाही, हातात ताकद आहे. फक्त अंग गार, पाण्यातून काढल्यासारखं. मी इतकी माणसं विसरताना बघितलीत. ती घाबरतात, चिडतात, शब्द शोधतात. ही काहीच शोधत नाहीये.

बाईंना गाठून सरळ विचारलं. त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. विरजण लागतं तशी खोली लागते, म्हणाल्या. कुणाची पटकन लागते, कुणाची उशिरा. तुमच्या बहिणीची फार छान लागली, भिंती बघा कशा कोरड्या झाल्या. तुमची लागतच नाही, तुम्ही सगळं झटकून टाकता. मी विचारलं, माणसाचं काय होतं? काही नाही, शांत होतो. इथे येणारा प्रत्येक जण हेच तर म्हणत येतो, की डोकं शांत व्हायला हवंय.

रात्री इथे टॅक्सी मिळत नाही, म्हणून आज झोपायला चौथी खोली. कोपऱ्यातली. उद्या उजाडताच इथून निघायचं. 

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कोपऱ्यातल्या खोलीतून निघताना भिंगरीने मला पहिल्यांदाच 'अहो' म्हटलं. मी लगेच टॅक्सी बोलावली. कुणी अडवलं नाही. मॅनेजरने बॅगा उचलून ठेवल्या, पुन्हा या म्हणाला.

किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी मागे वळून पाहिलं. वरच्या मजल्यावर चार खिडक्यांत चार भिंगऱ्या उभ्या होत्या. एक समुद्राला हात करत होती. एक हातवारे करून काही सांगत होती. एक नुसती रस्त्याकडे डोळे लावून बसली होती, कुणाची तरी वाट बघत. आणि कोपऱ्यातली काचेवर दोन्ही तळवे आपटत होती, गाडीकडे बघून. तिचं तोंड काय म्हणत होतं ते इतक्या लांबूनही मला कळलं. जन्मापासून ती मला तेवढंच म्हणत आलीय.

माझ्या शेजारी बसलेलीने विचारलं, अहो, तुम्हाला बरं नाही का?

टॅक्सी परत फिरवली. ही इथे बसलेली कुडी घरी नेऊन मी चष्मेवाल्याच्या हातात देऊ? माझी बहीण वर आहे. तिला घेतल्याशिवाय मी हलणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार



बाईंनी किल्ल्या दिल्या. एकच ताकीद दिली, बिछान्याला हात लावू नका. आवरलात तर ऊब जाते, पण परत अंगात जात नाही. वाऱ्यावर जाते.

पहिली खोली उघडली. कुणी नव्हतं. पांघरुणाचं घरटं तसंच, ठसा तसाच, आणि चार दिवसांनंतरही आत गरम. अगदी हळू गुणगुणणं येत होतं, उशीतून. मी पलंगाच्या कडेला बसले. तिच्याशी बोलत राहिले. म्हटलं, चल ग बाई आता, लग्न आहे तुझं, साड्यांना फॉल लावायचेत, उठ. रडूही आलं. बोलता बोलता मी उशी सारखी केली. रोग्याशी बोलताना करतो तशी. मग चादरीची चुणी काढली, मग कोपरा —

गुणगुणणं थांबलं तेव्हा मी खाली बघितलं. बिछाना लावून झाला होता.

खिडकीत धावले. बाहेर नुसता वारा.

ती आता कधीच गुणगुणणार नाही. हे मी केलं, या हातांनी. व्हरांड्यात ती अजून हसत बसलीय, कानटोपीवाल्यांच्या शेजारी. तिला काही गेल्याचं कळलंही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

विचार केला. बाहेरून दार उघडलं की आत नुसता बिछाना असतो. ती आतल्यालाच दिसत असणार. म्हणजे तिला हाताला धरून आणायला कुणीतरी आत असायला हवं. मी आत राहायला हवं.

काल दुसऱ्या खोलीत झोपले, तिच्या शेजारच्या पलंगावर. सकाळी उठले आणि हात बगलांत गच्च दाबून पाठमोरी चालत बाहेर आले. पांघरूण अर्धं जमिनीवर, उशी वाकडी. आयुष्यात असा बिछाना सोडला नव्हता.

तासाभराने दाराला कान लावला. आत दोघी बोलत होत्या. ती नक्कल करत होती, आणि मी — माझा आवाज — तिला म्हणत होता, पुरे ग, पोट दुखलं. दोघी हसत होत्या.

जमलं. देवा, जमलं.

अंग हलकं वाटतंय. थोडी थंडी आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिसऱ्या खोलीत झोपले. हात आवरावे लागले नाहीत. आपोआप शांत होते.

बाईंनी भिंतीवर हात फिरवून दाखवला. खडखडीत कोरडी. फार छान लागली म्हणाल्या. बरं वाटलं.

दुसऱ्या दाराशी जाऊन आले. आतल्या मला सांगायला, की बस झालं, तिला घेऊन ये आता. दार वाजवलं. आत हसणं थांबलं. मग मी — आतली — म्हणाली, कोण आहे? आणि भिंगरी म्हणाली, कुणी नाही, वारा असेल.

त्यांना यायचंच नाहीये बहुतेक. इतक्या गप्पा चालल्यात.

उद्या काहीतरी आहे. कुणीतरी यायचंय. गुरुवार असं मागे लिहिलंय. आता कोपऱ्यातली खोली तेवढी राहिली. ती फार गरजेची आहे, एवढं लक्षात ठेवायचं. तिथे —

१३ फेब्रुवारी

एक माणूस आला. चष्मा सारखा पुसत होता. व्हरांड्यातल्या त्या बाईंसमोर गुडघ्यांवर बसला, हात हातात घेतले. बाई छान हसल्या. त्याला रडू आलं.

मलाही घरी चला म्हणाला. मला कसली तरी हाक मारली त्याने, मानाची. मी म्हटलं, नको, माझं इथे काम आहे. काय काम ते विचारलं. तेवढं मात्र —

तो बाईंना घेऊन गेला. गाडीत बसताना त्यांनी मागे पाहिलं नाही. भला वाटला. कुणाचा कोण —

कोपऱ्यातली खोली चांगली आहे. गरम आहे. दोन पलंग. एकावर कुणीतरी झोपून गेलंय. रात्रभर कुणीतरी माझा हात धरून होतं. सोडत नव्हतं. सकाळी सोडवून घेतला.

बिछाना तसाच —

—

समुद्र भरला आहे. खुर्ची बरी आहे. कानटोपीवाले म्हणाले, तुम्ही कुठल्या? आठवून सांगते म्हटलं.

शांत वाटतं.

फक्त वर, कोपऱ्यातल्या खोलीतून, कुणी एक बाई ताईला हाक मारतेय. केव्हाची. आधी लाडाने मारत होती. मग चिडून. आता घाबरलीय, घसा बसलाय तिचा. कुणाची कोण असेल बिचारी. मला बघवत — ऐकवत नाही. ही ताई आहे तरी कुठे, जात का नाही तिच्याकडे, एकदा नुसती ओ दिली तरी —